साहेबाचे शेजारी

३ फेब्रुवारी, मंगळवार

टाकी फुकट मिळाली असं आज दिवसभर सगळ्यांना सांगत होतो. खरा हिशेब असा: कारखान्यातली चार माणसं, अर्धा दिवस. बोळातून टाकी वळेना म्हणून पुढच्या खोलीचं दार बिजागरीतून काढलं, ते अजून भिंतीला टेकून उभं आहे. हिचं शिवणाचं मशीन खिडकीजवळून उचलून पडवीत ठेवलं. ती गेल्यापासून तीन वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता, मीसुद्धा नाही. माझ्या उजव्या पायाचा अंगठा, जो आता वांग्यासारखा दिसतोय. शिवाय जाताजाता आमचा मिस्त्री हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याला आता माशांचं खूळ." त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही. भिंतीपलीकडे फिरणाऱ्या मोटारीचं बेअरिंग गेलंय की राहिलंय हे मी झोपेत सांगतो, त्याला हे माहीत असूनही असं वाटतं.

मासा एकच. हाताच्या पंजापेक्षा मोठा, काळपट, अंगावर विटकरी डाग, शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा एक ठिपका. जात ऑस्कर, सिक्लिडच्या कुळातली. नाव साहेब. ते माझ्या धाकट्या भावाने ठेवलेलं. मासा त्याचा, टाकीही त्याचीच.

धाकटा एकसष्ट वर्षांचा आहे. लग्न केलं नाही, जन्मभर नकाशे काढले. महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरला आणि खुबा मोडला. आता खिळे घालून, महिनाभर व्यायामाच्या वॉर्डात. त्याची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे तिथे परत जाणं संपलं. मी म्हटलं, माझ्याकडे ये, घर बसकं आहे, एक पायरी नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून तीन खोल्या आणि त्यात मी एकटा. त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "आधी साहेबाला ने. तो तिथे रुळला तर मी येतो. नाही रुळला तर तळमजल्यावरची एखादी खोली बघेन."

मी म्हटलं, कबूल.

त्यात अवघड काय आहे? तेहतीस वर्षं विजेच्या मोटारींना तार गुंडाळायचा कारखाना चालवला. बेचाळीस माणसं ठेवली. कोणाला कोणाशेजारी बसवला की टिकेल हे मी बघताक्षणी सांगतो. नवा माणूस दारात कितीही बिचकत उभा असो, मी शेजारी जाऊन बसलो की पाच मिनिटांत मोकळा होतो. हे देणं आहे, शिकून येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब तळाला आडवा पडून आहे. मेला वाटून काचेवर टिचकी मारली तर एक डोळा फिरवला आणि पुन्हा तसाच.

धाकट्याला फोन केला.

"रुसलाय," तो म्हणाला. "जागा बदलली की रुसतो. आठ-दहा दिवस तसाच पडेल. बघू नकोस त्याच्याकडे."

"खात नाही रे."

"न खाऊ दे. दादा, एक कर. काही करू नकोस."

मला हे पटत नाही. नऊ वर्षं बिचारा एका खोलीत एकटा. तोंड दिसतं ते एका माणसाचं, तोही न बोलणारा. याला रुसणं म्हणत नाहीत, एकटं पडणं म्हणतात. एकटं कोणी रुळत नसतं. कारखान्यात नवा आला की मी त्याला कोपऱ्यात एकटा कधीच बसवला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

टाक्यांचं दुकान सापडलं, इस्त्रीवाल्याच्या पलीकडे. चालवते एक पन्नाशीची बाई, चष्मा गळ्यात दोरीला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी सवयीने म्हटलं, "मासेवाल्या बाई, जरा..."

"मासेवाली विकते ते शिजवायला," ती म्हणाली. "माझे मासे जगवायला असतात. काय हवंय?"

मी म्हटलं, शांत स्वभावाचे, लहान, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कोणासाठी हे सांगितलं नाही. विकणाऱ्याला सगळं सांगितलं की तो महागाचं काढतो. तिने निळ्या-लाल रेघेचे दहा चिमुकले दिले. पिशवी उजेडात धरली तर जणू रंगीत तारेचे तुकडे. कारखान्यातही मी भांडकुदळ माणसाशेजारी नेहमी गरीब स्वभावाचा द्यायचो. भांडायला समोरून उत्तर लागतं.

पाण्यात सोडले. साहेब पहिल्यांदाच उठून बसला. उठून बसला म्हणजे काय, सरळ झाला. डोळे चमकले. मी धाकट्याला फोन करून सांगणार होतो, पण म्हटलं दोन दिवस जाऊ देत.

८ फेब्रुवारी, रविवार

दहाही गेले. सकाळी मोजायला बसलो तर एक शेपूट गाळणीच्या तोंडाशी.

साहेबाचं पोट टम्म. पाच दिवसांत पहिल्यांदा जेवला असं म्हणायला हरकत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

दुकानाच्या बाईला खरं सांगावं लागलं. ती इतकी हसली की चष्म्याच्या काचा पुसायला लागली.

"ऑस्करला तुम्ही डबा नेऊन दिलात, भाऊ."

मग तिने मला पाटावर बसवून शिकवलं. सिक्लिडला शेजारी द्यायचा तर तो तोंडात न मावणारा हवा. दिसायला त्याच्यासारखा नको, नाहीतर त्याला वाटतं आपली जागा घ्यायला आला. तो तळाशी राहत असेल तर हा मधल्या पाण्यातला बघावा. पाणी दोघांनाही एकच मानवलं पाहिजे. "आणि एवढं सगळं जमवूनही," ती म्हणाली, "काही मासे एकटेच बरे असतात. किती वर्षांचा आहे?"

"नऊ."

"मग राहू द्या की."

बायकांचं हे असं असतं, चालू विषयात खोडा. माझी नजर तोवर कोपऱ्यातल्या टाकीकडे गेली होती. बोटाएवढे दोन, गुटगुटीत, काळे-पांढरे पट्टे, जुन्या काळच्या कैद्याच्या कपड्यांसारखे. दोघं एका फुटक्या कुंडीपाशी अंगाला अंग लावून.

"हे कोण?"

"कॉन्व्हिक्ट. ती जोडी आहे. नवरा-बायको. ते नका नेऊ."

जोडी म्हटल्यावर माझं ठरलं. कामाला माणूस ठेवताना माझा एक नियम कधी चुकला नाही: लग्न झालेला घ्यायचा. त्याला घर असतं, त्याचं डोकं ठिकाणावर असतं, तो उगाच कोणाशी लागत नाही. बेचाळिसातले छत्तीस लग्नाचे होते आणि एकही भांडून गेला नाही. माशांना काय वेगळा न्याय?

बाईने पिशवी बांधताना फक्त एवढं विचारलं, "तुमच्याकडे कोणी आहे का, म्हणजे घरात?" मी म्हटलं, येणार आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जोडीने कुंडी मागितली. म्हणजे साहेब ज्या काळ्या दगडी पाटीखाली पडून असायचा तिथे घुसून त्यांनी ती जागा घेतली. साहेब सरकला. मोठा मनाने मोठा निघाला. शाबास.

परसातली फुटकी कुंडी धुऊन टाकीत ठेवली. ती त्यांनी घेतली, पाटीही सोडली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकट्याला भेटायला गेलो. दोन दांड्यांच्या मधे चालत होता, कपाळावर घाम. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणत होती, "काका, अजून चार." तो चारच्या ऐवजी पाच चालला आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. डोळे मिटूनच विचारलं, "साहेब?"

"मजेत. शेजारी मिळालेत त्याला."

डोळे उघडले. "कसले शेजारी?"

"चांगलं कुटुंब आहे."

मी त्याला माझ्या घरातल्या त्याच्या खोलीचं सांगितलं. पलंग खिडकीपाशी लावलाय. शेजारी एक खुर्ची, कोणी आलं-गेलं तर बसायला. दिवसा माणूस ठेवायचं ठरवलंय, बोलका बघून; मिस्त्रीच्या ओळखीत एक आहे, अखंड बोलतो. टीव्ही समोरच्या भिंतीवर.

"छान," तो म्हणाला.

त्याचं 'छान' मी लहानपणापासून ऐकतोय. कपड्याच्या दुकानात आई त्याच्या अंगाला सदरा लावून बघायची तेव्हाही तो असंच म्हणायचा आणि तो सदरा पेटीच्या तळाशी जायचा. पण आता म्हातारपण आलंय. माणूस बदलतो.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दमलो. नीट लिहितो म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

सकाळी बघतो तर कुंडीच्या आतल्या अंगाला साबुदाण्यापेक्षा बारीक पिवळट ठिपके चिकटलेले, शेकड्यांनी. अंडी. बायको त्यावर पंख हलवत वारा घालतेय आणि नवरा दारात. साहेब टाकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठाला टेकून, तोंड भिंतीकडे. मागचा पंख फाटून दातेरी झालेला, जुन्या झाडूसारखा. त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा तो नवरा तिथवर जाऊन त्याला ढुशी मारून परत येतो. साहेब उलट मारत नाही. नुसता आणखी आक्रसतो.

मी जाळी घालून नवऱ्याला धरायला गेलो तर त्याने जाळीला ढुशी मारली. मग माझ्या बोटाला. पाण्यात हात घालून, बाह्या भिजवून, पाऊण तास मी एका बोटभर माशाशी झटापट केली आणि हरलो. मिस्त्री काही विचारायला आला होता, तो दारातूनच परत गेला. दार नाहीच म्हणा, चौकटीतून.

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते, आठवड्याला दोनदा बोलते. तिला सगळं सांगितलं तर म्हणते, "बाबा, अंडी झाल्यावर कुठलेही आईबाप शेजाऱ्याला दारात उभं करत नाहीत. मी झाल्यावर आईने आत्यालासुद्धा खोलीत येऊ दिलं नव्हतं, तुम्हीच सांगता ना?"

"तो वेगळा विषय."

"काकाला विचारलंत का, त्याला काय हवंय?"

"साहेब रुळायला हवा, हे त्यानेच सांगितलंय."

"ते नाही विचारत मी," ती म्हणाली आणि मग पोरांच्या शाळेचं काहीतरी बोलत बसली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्याने फोनवर विचारलं, किती खातो. मी म्हटलं, खाद्याच्या सात गोळ्या. तोंडातून आपसूक निघालं.

"सात?"

"सात."

पलीकडे वॉर्डातली चाकाची खुर्ची करकरत गेली. मग म्हणाला, "बरं." फोन ठेवतानाही आवाज केला नाही. माझे कान तिखट आहेत म्हणून कळतं, एरवी ठेवताना तो आपटतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुकानाची बाई स्वतः आली, दाराशी चपला काढून, बादली घेऊन. तिने अर्धं पाणी काढलं, कुंडी अंड्यांसकट तशीच उचलली, नवरा-बायको तिच्या मागून आपोआप बादलीत. तीन मिनिटं लागली. माझ्या पाऊण तासाबद्दल मी बोललो नाही.

मग ती खोलीभर बघत होती. चौकट, भिंतीला टेकलेलं दार, पलंग, खुर्ची.

"भावासाठी का?"

"हो. या माशावर अडलंय त्याचं येणं." आणि मी तिला तो करार सांगितला.

ती म्हणाली, "मग शेजारी द्यायचाच आहे तुम्हाला." विचारलं नाही, म्हणाली. थोडा विचार करून, "सिल्व्हर डॉलर न्या. सहा. रुंद असतात, तोंडात मावत नाहीत. मधल्या पाण्यात राहतात, झाडपाला खातात, कोणाशी भांडत नाहीत. त्यांना बघून मोठ्यालाही वाटतं, सगळं ठीक आहे. आणि सोडायच्या आधी आतले दगड हलवा. सगळ्यांना घर सारखंच नवं झालं की जुन्याचा हक्क राहत नाही."

हे मला एकदम पटलं. कारखान्यात मी हेच करायचो. नवी माणसं घेतली की जुन्यांच्या जागाही बदलायच्या. सगळे एका पातळीवर येतात.

बाईने निघताना म्हटलं, "एक आठवडा द्या. नाही जमलं तर मी परत घेईन. सगळ्यांचं नाही घेत हं."

२३ फेब्रुवारी, सोमवार

दगड हलवले. काळी पाटी मागच्या काचेला लावली, दोन गोल दगड उजवीकडे, लाकडाचा तुकडा मधे उभा. आता समोरून टाकी मोकळी दिसते, आरपार. सहा डॉलर सोडले. रुपेरी, चपटे, खरंच नाण्यांसारखे. ते मागच्या काचेला एका ओळीत उभे राहिले, बँकेत रांगेत उभं राहावं तसे.

साहेबाने पूर्वी पाटी होती त्या जागेवर जाऊन तीन फेऱ्या घातल्या. मग तिथेच, नुसत्या वाळूवर, आडवा झाला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

कोणी कोणाला मारत नाही. बाईचं सगळं खरं. आकार जमला, पाणी जमलं, स्वभाव जमला.

पण डॉलर बिचकतात. काही कारण नसताना सहाच्या सहा एकदम उसळतात आणि काचेवर आपटतात, एक तर झाकणावर. त्यांना बघून साहेब दचकतो. दिवसातून दहा-बारा वेळा. कारण शोधत दोन दिवस खुर्ची टाकून बसलो. आज मिस्त्री आला तेव्हा नेमका प्रकार घडला.

"चाचणीला मोटार लावली की होतं, मालक," तो म्हणाला. "आत्ता मोठी लावली ना."

"कधी लावली? आवाज कुठे आला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "भिंत हादरली की, मालक."

तेहतीस वर्षांत मला तो आवाज आवाज वाटत नाही. बेअरिंग वाजलं तर ऐकू येतं, चांगली मोटार माझ्या लेखी गप्प असते. त्याला म्हटलं, चाचणी उद्यापासून दुपारी एकदाच. तो मान डोलावून गेला. गिऱ्हाइकं दुपारी एकदाच येत नाहीत हे त्यालाही माहीत, मलाही.

१ मार्च, रविवार

सहा दिवस साहेब काहीही खात नाही. गोळी नाकासमोर ठेवली तरी मान फिरवतो. डोळे गढूळ दिसतात की माझा चष्मा, कळत नाही.

पाणी बदललं. चार बादल्या आत, चार बाहेर. कंबर धरली. पाणी ओतताना डॉलर उसळून माझ्या तोंडावर शिंतोडे. पुसायला पदर... म्हणजे फडकं शोधत होतो तर पडवीत हिच्या मशीनच्या खणात सापडलं, घडी घातलेलं. ते वापरलं नाही, बाहीनेच पुसलं.

बुधवारी धाकट्याला सोडणार. तीन दिवस.

४ मार्च, बुधवार

आला.

वॉकर घेऊन चौकटीतून आत येताना म्हणाला, "दार काढलंस ते बरं केलंस." आणि पलंगाकडे, टीव्हीकडे न बघता थेट टाकीसमोर. खुर्ची पुढे ओढायला लावली. बसायला त्याला मिनिट लागलं, मी धरायला गेलो तर मान हलवली.

मी डॉलरांची ओळख करून दिली. स्वभाव, खाणं, सगळं. तो ऐकत होता की नाही कुणास ठाऊक. साहेब वाळूवर पडलेला. धाकट्याने बोट काचेला लावलं. टिचकी नाही, नुसतं लावून ठेवलं. बऱ्याच वेळाने साहेब उठला, डुगडुगत आला आणि त्या बोटासमोर तोंड लावून थांबला. पंख फाटका.

"पाटी कुठाय?"

"मागे. दगड जरा हलवले."

"जरा?"

"सगळ्यांना सारखं व्हावं म्हणून. जुन्याचा हक्क मोडला की नव्याला..."

"मोडला ना," धाकटा म्हणाला. "मग झालं की."

भिंतीपलीकडे मोटार लागली असावी, कारण डॉलर उसळले. धाकटाही दचकला. त्याने खुब्यापाशी हात धरला.

मग त्याने भलतंच काढलं. "दादा, माझं टेबल आठवतं का? इथे कारखान्यात होतो तेव्हाचं."

तो आठ वर्षं माझ्याकडे होता, कामाच्या नोंदी आणि नकाशे बघायचा, राहायचाही याच खोलीत. ती वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. मग त्याला सरकारी कचेरीत काम मिळालं, ती लांब होती म्हणून खोली घेतली.

"आठवतं की. खिडकीजवळचं."

"तीनदा हलवलंस ते."

"उजेडासाठी."

"मला उजेड पुरत होता. आणि शेवटी शेजारी तो विक्रीवाला आणून बसवलास."

"तू बोलावंस म्हणून! दिवसभर तोंडातून शब्द नाही. लोक विचारायचे, भावाशी भांडण आहे का."

"त्याच्या शेजारी बसून मी नोकरीचे अर्ज लिहायचो," धाकटा म्हणाला आणि हसला. खरं हसला, दात दिसले. "तू वाईट नाहीस रे. तुला रिकामी खुर्ची दिसली की माणूस बसवायचा असतो, एवढंच."

या घरात चार खुर्च्या आहेत. हिने घेतलेल्या.

"गोळ्या सात खातो म्हणालास," तो म्हणाला. "तो पाचाच्या वर कधीच खात नाही. तेव्हाच कळलं मला."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तू किती खटाटोप करतोयस ते ऐकू येत होतं फोनवर."

५ मार्च, गुरुवार

सकाळी धाकट्याने मला दगड परत लावायला लावले. तो खुर्चीतून सांगणार, मी कोपरापर्यंत पाण्यात. "डावीकडे. थोडी कलती. अजून. आता सोड." नकाशे काढणारा माणूस, दोन बोटांचा फरक चालत नाही. साहेब पाटीखाली गेला. डॉलर पाण्याच्या पिंपात काढले.

तरी खाल्लं नाही. मोटार लागली की पाटीखालून शेपूट थरथरताना दिसते.

९ मार्च, सोमवार

बोलका माणूस दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी धाकट्याने त्याला चहा दिला, पूर्ण पगार दिला आणि सांगितलं, तू चांगला आहेस. ही पद्धत माझी नाही.

धाकटा मला त्रास देत नाही. पलंगावर बसतो, व्यायाम करतो, टीव्ही लावत नाही. संध्याकाळी मी त्याच्याशी बोलतो. काल कारखान्याची सगळी सुरुवात सांगितली, पहिली मोटार, पहिलं गिऱ्हाईक. त्याला ती माहीत आहे. तो तिथे होता. तरी ऐकून घेतली. किती दिवसांनी मी इतका बोललो. घसा दुखतोय.

मधे पाणी आणायला उठलो. परत येताना चौकटीशी थांबलो, तो फोनवर होता. हळू बोलत होता, पण माझ्या कानांचं सांगितलंच आहे. "नाही गं, दादाला नको सांगू अजून. मीच सांगतो. त्याला वाईट वाटेल."

पलीकडचा आवाज माझ्या लेकीचा.

पाण्याचा तांब्या घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात गेलो आणि पावलं वाजवत परत आलो.

१० मार्च, मंगळवार

त्याने सांगितलं. दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर खोली आहे, मागच्या अंगाला, शांत. लेकीने शोधली फोनवरून. व्यायामाची मुलगी तिथून जवळ राहते.

मी म्हटलं, "चाचणी बंद ठेवतो. आवाज अडवायला भिंतीला बुचाचे पत्रे लावतो. तू सांग."

"दादा."

"पलंग मागच्या खोलीत घेऊ. तिथे आवाज..."

"दादा, आपला करार होता ना."

होता. मी आयुष्यात दिलेला शब्द मागे घेतला नाही, आणि हा तर मी विचार न करता दिला होता. म्हटलं, मग उद्या चार माणसं देतो. दार काढलेलंच आहे.

१२ मार्च, गुरुवार

टाकी गेली. या वेळी अंगठा मिस्त्रीचा. मी दार बसवायला घेतलं, वरची बिजागरी बसली, खालची बसेना, मग ठेवून दिलं.

डॉलर बाईला परत द्यायला बादली घेऊन दुकानात गेलो. तिने पैसे काढून ठेवले होते. मी म्हटलं, एखादी जुनी टाकी आहे का, तीन फुटी.

"कोणासाठी?"

"यांच्यासाठी. परत कशाला द्यायचे, म्हटलं."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे बघितलं. जुनी टाकी दिली, गाळणी दिली, भिंतीपासून लांब, मागच्या खोलीत ठेवा म्हणाली. पैसे अर्धेच घेतले. मी घासाघीस केली नाही, त्याचं तिलाच नवल वाटलं.

१७ मार्च, मंगळवार

धाकट्याकडे जाऊन आलो. अकरा मिनिटं लागतात चालत. खोली लहान, एकच खुर्ची. मी पलंगावर बसलो.

त्याने बोटांत धरून गोळ्या दिल्या. साहेबाने पाच खाल्ल्या, मोजून. सहावी धरली तर पाटीखाली निघून गेला. "तिसऱ्या दिवसापासून खातोय," धाकटा म्हणाला. पंखाची कड भरून येतेय. खोलीत गाळणीच्या पाण्याशिवाय आवाज नाही. आम्ही तासभर बसलो. तो फार बोलला नाही. मीही नाही. निघताना म्हणाला, "गुरुवारी ये. या वेळेला."

येत्या गुरुवारी की दर गुरुवारी हे विचारायचं राहिलं.

१९ मार्च, गुरुवार

गेलो होतो. पुढच्याही गुरुवारी ये म्हणाला.

घरी आल्यावर मागच्या खोलीत डॉलरांना काकडीची चकती टाकली आणि टाकीसमोर खुर्ची घेऊन बसलो. आज कारखाना बंद, मोटार नाही, काही नाही. त्यांच्याशी बोललोही, जरा हळू आवाजात. पाऊण तास झाला. सहाही मागच्या काचेला चिकटून होते. मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो तेव्हा त्यांनी चकती खाल्ली.